गर्भिणी परिचर्या : पथ्य सांगितले, परीक्षा राहिली

गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे जपावे, हा चरकाचार्यांचा दृष्टांत आपणांपैकी प्रत्येकाने प्रसूतितंत्राच्या उत्तरपत्रिकेत लिहिलेला आहे आणि त्यावर गुणही मिळविलेले आहेत. पुढे व्यवसायात आल्यावर तोच दृष्टांत आपण व्याख्यानांत सांगितला, गर्भसंस्काराच्या शिबिरांत सांगितला आणि औषधी कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर छापलेलाही पाहिला. परंतु भरलेले पात्र वाहून न्यायचे, तर ते कोठे हिंदकळते आहे याकडे वाहणाऱ्याला सतत लक्ष ठेवावे लागते. दृष्टांतातील हा भाग मात्र आपल्या हातून निसटला की काय, अशी शंका आम्हांस अलीकडे वारंवार येऊ लागली आहे.

पथ्य सांगण्यात आपण कोणास हार जाणार नाही. पहिल्या महिन्यात दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात क्षीरसर्पि, आठव्यात यवागू, नवव्यात अनुवासन बस्ती आणि पिचू, हा क्रम आपणांस झोपेतून उठविले तरी सांगता येईल. मात्र त्याच गर्भिणीचा पाचव्या महिन्यातील रक्तदाब किती होता, सातव्या महिन्यात लघवीत अल्ब्युमिन होते किंवा नव्हते, तिचे हिमोग्लोबिन किती, या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी किती जणांच्या केसपेपरवर सापडतील? दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःचे सांगणे उचित होईल. एके काळी ती आमच्याही केसपेपरवर नव्हती.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. करवीर तालुक्यातील एका गावात आम्ही नुकताच व्यवसाय सुरू केला होता. पहिलटकरीण, वय एकोणीस-वीस, आठवा महिना. सासू घेऊन आली होती. "डॉक्टर, हिचं पाय लई सुजल्यात, आणि डोकंबी दुखतंय म्हणती," एवढीच तक्रार. आम्ही पायावर बोट दाबून खड्डा पाहिला, नाडी पाहिली, पोट पाहिले. गर्भ चांगला वाढलेला वाटला. पुनर्नवेचा काढा लिहून दिला, मीठ कमी करावयास सांगितले, डाव्या कुशीवर निजावयास सांगितले. रक्तदाबमापक आमच्या टेबलाच्या खालच्या खणात होता. त्याच्या रबरी फुग्यातून हवा जात असे, म्हणून तो काढून ठेवलेला होता. मूत्रपरीक्षेचा विचारही मनाला शिवला नाही. काढा देताना आम्ही शोथाचे दोष-दूष्य मात्र मनाशी व्यवस्थित जुळविले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. घरच्यांना आधी ते बाहेरचे वाटले आणि त्यात तासभर गेला. तेव्हा महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नव्हती, ती २०१४ साली सुरू झाली. वडापच्या जीपमधून तिला शहरात नेले. सुदैवाने ती वाचली, पण मूल गेले. आठ दिवसांनी तिचा सासरा आमच्याकडे आला, तो भांडावयास नव्हे, तर काढ्याची उरलेली पुडी परत करावयास. "आता हिचं काय काम नाही," एवढेच तो बोलला. त्या वाक्याचे ओझे आमच्या मनावरून आजही उतरलेले नाही.

ही घटना सांगण्याचे कारण असे की, तिची लक्षणे आपल्या शास्त्राला अपरिचित नव्हती. हारीताने जे आठ गर्भोपद्रव सांगितले आहेत, त्यांत शोथ आहे आणि वैवर्ण्यही आहे. शोथाला उपद्रवांत बसविणाऱ्या ग्रंथकाराने तो हसण्यावारी नेलेला नाही, हे उघड आहे. सुश्रुताने गर्भपातामुळे, अतिरक्तस्रावामुळे आणि आघातामुळे उद्भवणारा अपतानक असाध्य ठरविला. त्या काळी जे साधन हाती होते त्याच्या मर्यादेची ती प्रामाणिक कबुली होती. आज साधन हाती आहे. मर्यादा शास्त्राची नाही, आपल्या टेबलाच्या खालच्या खणाची आहे.

काही विद्वान मित्र असे प्रतिपादन करतात की, सुश्रुताने सहाव्या महिन्यात गोक्षुरसिद्ध घृत सांगितले, आणि प्री-एक्लॅम्प्सियाही विसाव्या आठवड्यानंतर म्हणजे साधारण त्याच सुमारास प्रकट होतो, अर्थात आचार्यांना हा व्याधी ज्ञात होता. तर्क मोहक आहे, आम्हीही विद्यार्थिदशेत त्यावर टाळ्या वाजविल्या आहेत. पण मूत्रल द्रव्याची योजना आणि व्याधीचे ज्ञान या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय आजचे प्रसूतिशास्त्र असे सांगते की, या व्याधीचे मूळ अपरेच्या रोपणात आहे, केवळ अंगात पाणी साठण्यात नाही. म्हणूनच पायाची सूज उतरली तरी रक्तदाब चढत राहू शकतो, आणि सूज मुळीच नसतानाही झटके येऊ शकतात. पुनर्नवेने वा गोक्षुराने सूज उतरली की रुग्णा आणि वैद्य दोघेही निश्चिंत होतात. आमच्या मते खरा धोका या निश्चिंततेत आहे.

करावयाचे काय ते अवघड नाही. गर्भिणी कोणत्याही कारणाने आपल्या दारात आली, खोकल्याने आली, अम्लपित्ताने आली, तरी तिला पाच-दहा मिनिटे बसवून, पाठीला आधार देऊन, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजावा. वरचा १४० किंवा खालचा ९० भरला, तर त्याच दिवशी चार तासांनी पुन्हा मोजावा आणि लघवी पाहावी. वरचा १६० वा खालचा ११० भरला, तर पुन्हा मोजण्याची वाट पाहू नये, गाडी बोलवावी. डिपस्टिकच्या पट्ट्या औषधांच्या दुकानांत मिळतात. त्या नसतील तेथे परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग तापविण्याची जुनी रीत आहेच: गढूळपणा आला आणि ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकूनही तो गेला नाही, तर अल्ब्युमिन आहे असे समजावे. मात्र लघवी स्वच्छ निघाली म्हणून रक्तदाब विसरू नये, अल्ब्युमिनखेरीजही हा व्याधी गंभीर रूप धारण करतो. डोके सारखे दुखणे, डोळ्यांपुढे काजवे वा अंधारी येणे, छातीखाली उजव्या बाजूस कळ, अचानक आलेली चेहऱ्याची सूज, गर्भाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही असेल तर ती गर्भिणी आपली राहिली नाही, ती त्या क्षणापासून प्रसूतितज्ज्ञांची आहे.

जाताना वाटेत जे प्राथमिक आरोग्य केंद्र लागेल तेथे मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन पुढे पाठवावे, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. सुमारे दहा हजार स्त्रियांवर अनेक देशांत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅग्पाय चाचणीत या साध्या क्षाराने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. तेव्हा गावातून थेट शहराचा रस्ता धरण्याआधी जवळच्या केंद्राला दूरध्वनी करणे हाही चिकित्सेचाच भाग समजावा.

रस्त्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवरून श्रावणात निघालेल्या गर्भिणीला शहर गाठण्यास किती वेळ लागेल, हे नकाशा सांगू शकत नाही. चंदगड, आजरा, भुदरगडकडील आमचे बंधू हे आमच्याहून अधिक जाणतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला आणि शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे वेढली गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. तेव्हा नदीकाठच्या गावांत व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने जूनच्या आरंभी आपल्याकडील आठव्या-नवव्या महिन्यात जाणाऱ्या स्त्रियांची यादी काढून त्यांना पाणी चढण्याआधी नातलगांकडे उंचवट्यावर वा शहरात हलविण्याविषयी घरच्यांशी बोलावे. आशाताईंकडे अशी यादी असतेच, आपली यादी तिच्याशी ताडून पाहण्यास कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते हे आपण सांगत आलो आहोत. त्याच महिन्यात पंचगंगाही अस्थिर असेल, तर दोन्हींचा विचार करावयास हवा.

रुग्णाला वेळेवर का पाठविले जात नाही, याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत, केवळ ती आपण सभेत बोलत नाही. एक म्हणजे रुग्ण हातचा जाईल ही धास्ती. दुसरे अधिक बोचणारे आहे: आपली चिठ्ठी घेऊन गेलेल्या रुग्णेला तिकडे "काढे पीत बसली होती काय?" असे ऐकावे लागते आणि ती ते आपल्याला येऊन सांगते. आम्हांसही असे शब्द ऐकावे लागले आहेत आणि ते न्याय्य होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु थोडा विचार केल्यावर असे दिसले की, आमच्या चिठ्ठीवर "गर्भिणी, शोथ, पुढील उपचारासाठी" एवढेच लिहिलेले असे. ज्या दिवसापासून आम्ही गर्भाचे आठवडे, मागील तीन वेळचे रक्तदाब तारखांसह, लघवीचा निष्कर्ष, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि दिलेली औषधे त्यांच्या घटकांसह लिहू लागलो, त्या दिवसापासून चिठ्ठीला उत्तर येऊ लागले. पुढे त्याच प्रसूतितज्ज्ञांनी प्रसूतीनंतरच्या परिचर्येसाठी रुग्णा परतही पाठविल्या. मान मागून मिळत नाही असे म्हणतात. आमच्या अनुभवाने तो तारखांसह लिहिलेल्या तीन आकड्यांनी बऱ्याच अंशी मिळतो.

दोन शास्त्रांतील हे येणेजाणे कोल्हापूरला नवे असू नये. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी आपल्या प्रबंधासाठी जो विषय निवडला, तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर केली. आज आपण ज्यास सीपीआर म्हणतो ते हेच रुग्णालय. चौदाव्या वर्षी झालेले स्वतःचे मूल दहा दिवसांत गमावलेली ही स्त्री परदेशातील परीक्षकांपुढे आपल्या जुन्या ग्रंथांतील प्रसूतिविचार मांडते, आणि नवे शास्त्र शिकून कोल्हापुरातील स्त्रियांसाठी येण्याचे ठरविते. येथे रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांना जुने आणि नवे यांत एकाची निवड करावीशी वाटली नव्हती. आपल्याला मात्र चिठ्ठी लिहिताना ती निवड केल्यासारखे वाटते.

आता पांडूविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भवती स्त्रियांचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली आढळले, देशात हे प्रमाण ५२ टक्के होते. आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर म्हणजे गूळ-शेंगदाणे. कोल्हापूरच्या गुळाचा अभिमान आम्हांसही आहे, घरी चहासुद्धा गुळाचाच होतो. पण ज्या गर्भिणीचे हिमोग्लोबिन ७ वर आले आहे तिचे रक्त गुळाच्या खड्याने भरून निघेल असे सांगणे म्हणजे तिच्याशी प्रतारणा आहे. प्रसूतीच्या वेळी निरोगी स्त्री जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढाच या स्त्रीला मृत्यूच्या दारात नेतो. शासनाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यावयाची असते. "त्या गोळ्यांनी उष्णता होते, बंद करा" असे आपल्यापैकी कोणी सांगत असेल, तर त्याने तो सल्ला स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावा आणि खाली सही करावी. मलावष्टंभ, मळमळ यांवर आपल्याकडे सौम्य उपाय भरपूर आहेत. ते देऊन गोळी चालू ठेवता येते, आणि तेथेच आपले खरे कौशल्य आहे. धात्री लोह, पुनर्नवा मंडूर यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांनीही आरंभी आणि चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन मोजावे. एक ग्रॅमनेही वाढले नसेल, तर आपला अनुभव त्या रुग्णेपुरता बाजूला ठेवावा आणि तिला पुढे पाठवावे.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या टोळ्या आपल्या साखरपट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड. यांतील गर्भवती बाई तपासणीसाठी मजुरी बुडवून ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत उभी राहत नाही. ती संध्याकाळी फडावरून परतताना चौकातल्या दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात येते आणि कंबरदुखीचे औषध मागते. तिची माता व बाल संरक्षण पत्रिका गावी फळीवर राहिलेली असते. त्या संध्याकाळी त्या चौकात जो भेटेल तोच तिचा प्रसूतिपूर्व तपासणी करणारा वैद्य. तिची पापणी ओढून पाहणे, रक्तदाब मोजणे आणि जवळच्या उपकेंद्राच्या परिचारिकेचे नाव एका कागदावर लिहून देणे, यास पंधरा मिनिटे लागतात.

मधुमेहाविषयी थोडक्यात. आपली मासानुमासिक परिचर्या दूध, तूप आणि मधुर द्रव्यांवर उभी आहे. कृश, श्रमणाऱ्या स्त्रीला ती अमृतासमान आहे. परंतु आज शहरात जी स्थूल, बैठ्या कामाची, तिशी उलटलेली, आई-वडिलांना मधुमेह असलेली गर्भिणी येते, तिला डिंकाचे लाडू आणि साजूक तुपाची वाटी सांगण्यापूर्वी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्तशर्करा पाहिली पाहिजे. ती १४० वा अधिक आली, तर पथ्याचा सारा क्रम बदलावा लागतो. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करावयाची आहे, उपाशी पोटीच करावी असाही आग्रह नाही. देश, काल, बल, प्रकृती पाहून पथ्य द्यावे असे शास्त्र सांगते. ही तपासणी म्हणजे तेच पाहणे आहे.

आता आमच्या औषधविक्रेत्या वाचकांकडे वळतो, कारण गर्भिणीची पहिली भेट पुष्कळदा वैद्याशी न होता काउंटरवरच होते. पाळी दहा दिवस चुकली म्हणून नवरा येऊन रजःप्रवर्तनी वटी मागतो आणि आपण डबी पुढे सरकवितो. कुमारीसार, कासीस, हिंगू, टंकण यांचा हा योग कशासाठी आहे हे आपण जाणतो. मग "गर्भ राहिला असण्याची शक्यता आहे का, लघवीची तपासणी केली का?" हा एक प्रश्न विचारण्यास संकोच कसला? गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहिनीत राहिलेला असेल, तर त्या डबीमागे गेलेले आठ दिवस प्राणावर बेतू शकतात. नवव्या महिन्यात कळा याव्यात म्हणून एरंडेल नेणाऱ्या सासूबाईंनाही असाच एक प्रश्न विचारावा: "डॉक्टरांनी सांगितले आहे का?" पूर्वीचे सिझेरियन असलेल्या स्त्रीला घरच्या घरी कळा आणविण्याचे धाडस करू देऊ नये.

गर्भपाल रसाविषयी लिहिताना काही ज्येष्ठांचा रोष ओढवून घ्यावा लागेल याची आम्हांस जाणीव आहे. या योगात हिंगुळ आहे आणि नागभस्म आहे, म्हणजे पारा आहे आणि शिसे आहे. शोधन-मारणाने धातूचे स्वरूप पालटते की नाही, हा वाद या लेखात सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही एवढेच जाणतो की, शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते, आणि २०११-१२ या काळात न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. ऑगस्ट २०१२ मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. "ती औषधे नीट सिद्ध केलेली नसतील" हे उत्तर आपण देतो. असेलही. पण दुकानातील डबीतील औषध नीट सिद्ध झालेले आहे हे आपण कसे ठरविले? वारितर आणि रेखापूर्ण परीक्षा शेवटची केव्हा केली? अनुसूची ई (१) मध्ये हिंगुळाचा समावेश असल्याने अशा औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. गर्भिणीची व्याधी मृदू, मधुर, शीत, सुखकर उपचारांनी हाताळावी असा चरकाचा आदेश आहे. त्या आदेशाच्या चौकटीत शतावरी बसते, यष्टिमधू बसते, दूध-तूप बसते. ज्याच्या निर्दोषतेची खात्री आपण स्वतः देऊ शकत नाही ते नागभस्म कसे बसते, हे कोणी समजावून सांगितल्यास आम्ही ऋणी राहू. तोवर आमच्या दवाखान्यात ते गर्भिणीला दिले जात नाही.

आणखी एक विषय, ज्याची लाज सर्वांनी मिळून वाटून घ्यावयास हवी. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पुढे २००९-१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर सायलेंट ऑब्झर्व्हर बसवून या शहराचे नाव वेगळ्या कारणाने देशभर नेले. सोनोग्राफीचे दार असे अडले, पण मुलगा होण्याच्या औषधाची मागणी थांबली नाही, ती आपल्या काउंटरवर आली. गर्भाचे लिंग शुक्रबीज-स्त्रीबीजाच्या संयोगाच्या क्षणी ठरते, दीड महिन्याने दिलेल्या कोणत्याही बियांनी ते पालटत नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांचा संबंध जन्मजात व्यंगांशी आणि मृतजन्माशी आढळून आला आहे. २००३ साली सुधारलेल्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात विशिष्ट लिंगाचा गर्भ व्हावा या हेतूने काहीही देणे वा लिहून देणे हेही लिंगनिवडीत मोडते. पुंसवनाचे नाव पुढे करून यातून सुटता येणार नाही. सुटता आले तरी सुटू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रसूती झाली की आपले लक्ष सूतिका परिचर्येकडे वळते: अभ्यंग, धुरी, दशमूलारिष्ट. येथे एक सावधगिरी हवी. प्री-एक्लॅम्प्सिया प्रसूतीबरोबर नेहमी संपत नाही, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि क्वचित सहा आठवड्यांपर्यंतही रक्तदाब चढून झटके येऊ शकतात. बाळंतिणीच्या डोकेदुखीला वारे लागले म्हणून तेल चोळण्याआधी दंडाला पट्टा बांधावा. जोरात अंगावर जाणे, दुर्गंधी, ताप, पोटरीला एका बाजूची सूज, यांनाही बाळंतवात म्हणून थांबू नये.

नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. परिचारिका, आशाताई, रुग्णालयातील प्रसूती, रक्तपेढ्या आणि रुग्णवाहिका यांनी हे घडविले. यात आपला वाटा किती, हा प्रश्न आपल्या संघटनेच्या व्यासपीठावर आम्ही कधी ऐकला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य-शालाक्याच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची सूची निघाली तेव्हा आपण हक्कासाठी किती हिरीरीने बोललो! हक्क हवाच, आम्हीही त्या निवेदनावर सही केली होती. पण रक्तदाब मोजण्याचा हक्क आपल्याला कोणी कधी नाकारला होता? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसूतिपूर्व तपासण्यांची किमान संख्या चारावरून आठावर नेली. आपली गर्भिणी तर मासानुमासिक पथ्यासाठी नऊ वेळा आपल्याकडे येते. इतका नियमित येणारा रुग्ण कोणत्याही शास्त्राला हेवा वाटावा असा आहे.

आमच्या त्या पहिल्या रुग्णेचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. तीन वर्षांनी ती पुन्हा आली, दोन महिन्यांची गर्भवती, बरोबर तीच सासू. आम्ही त्याच दिवशी तिला पत्र देऊन प्रसूतितज्ज्ञांकडे पाठविले. पूर्वी हा व्याधी झालेल्या स्त्रीला बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात, तसे त्यांनी ते सुरू केले. सासूने आम्हांस विचारले, "हे बंद करून तुमचं औषध चालू केलं तर न्हाई का चालणार?" आम्ही सांगितले, "मावशी, ती गोळी बंद करायची नाही. माझं औषध म्हणजे दर पंधरा दिवसांनी हिला इथं आणायचं." त्यांनी आणले. आमच्या वहीत तिच्या नावाखाली सोळा नोंदी आहेत. बत्तिसाव्या आठवड्यात आकडा १४४/९२ झाला आणि ती वेळेवर दाखल झाली. मुलगी आज शाळेत आहे.

संघटनेस आमची एक सूचना आहे. खर्चाचे पुस्तक, चकचकीत पत्रिका काही नको. येत्या धन्वंतरीपूजनाच्या सभेला प्रत्येक सभासदाने प्रसादाच्या डब्याबरोबर आपला रक्तदाबमापकही घेऊन यावा. काट्याची यंत्रे वापरून वापरून चुकीचे आकडे दाखवू लागतात. ती सभागृहातच पाऱ्याच्या एका चांगल्या यंत्राशी ताडून पाहता येतील, गळके फुगे आणि सैल पट्टे जागच्या जागी बदलता येतील. पट्टे आणि फुगे आणण्याची व्यवस्था औषधविक्रेते मित्रांनी करावी. पाऱ्याचे यंत्र आम्ही आणू.